आज नवीन काय पाहिलंस?



चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं माझ्या आईची दृष्टी गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ऐंशी वर्षं पाहिलं की!" पण त्या दिवसापासून तिनं एक रिवाज सुरू केला. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं, की ती आमच्या दखनीत विचारायची, "आज क्या नवा देख्या रे?"

मी म्हणायचो, "काही नाही अम्मा, रोजचंच."

पंधरा-वीस दिवस हेच उत्तर ऐकून एकदा ती म्हणाली, "डोळे माझे गेलेत की तुझे?"

मी स्वतःला कवी म्हणवतो. ते वाक्य लागलं. कुणाला बोललो नव्हतो, पण त्या वर्षात मला एक ओळही सुचली नव्हती. दोष मी गावाला देत होतो. तीच मिरज, तीच वाट, तीच माणसं. यात नवं ते काय सुचणार?

दुसऱ्या दिवशी मी एकच बदल केला. बाजारात जाताना रोजची बाजू सोडून रस्त्याच्या पलीकडून चाललो. ज्या दुकानाच्या पायरीजवळून तीस वर्षं गेलो, त्याच्या माथ्यावर कोरीव लाकडी सज्जा होता आणि कठड्यावर पोपटांची रांग. खालून चालणाऱ्याला ती दिसणार कशी? घरी येऊन मोठ्या उत्साहानं अम्माला सांगितलं. ती हसली. "सात पोपट आहेत. एकाची चोच तुटलेली. लग्न होऊन आले, तेव्हा टांग्यातून पाहिले होते."

मी पुन्हा जाऊन मोजले. सातच होते. माझं नवं तिचं जुनं निघालं, आणि तिचा टांगा माझ्यासाठी नवा!

मग रोज काहीतरी घरी न्यायचं, असा छंदच लागला. कधी कडुनिंबाच्या मोहोराचा वास, कधी बेकरीच्या भट्टीपुढं पहाटे हात शेकणारी पोरं.

आमच्याकडे सतारमेकर गल्ली आहे. तलवारी, भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं काम एकोणिसाव्या शतकात कमी झालं, तेव्हा ते हात तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर, मंगळवेढ्याकडचे भोपळे इथं येऊन सतारी आणि तंबोरे होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी मीही अभिमानानं वाचली. पण गल्लीत थांबून एखादं वाद्य लागताना कधी ऐकलं होतं का? नाही.

एका दुपारी थांबलो. एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडी कानशीनं किंचित घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. शेवटी त्यांनी तारेखाली सुताचा धागा घातला आणि हळूहळू सरकवू लागले. तोवर तार नुसती टणटण वाजत होती. धागा केसभर पुढं गेला, आणि सगळं दुकान घुमू लागलं. तार तीच, भोपळा तोच, लाकूड तेच!

मी विचारलं, "चाचा, धाग्याची जागा कशी कळते?"

ते म्हणाले, "जागा दिसत नाही. कान सांगतो तिथं थांबायचं."

नवं म्हणजे लांबचं, असं आपण धरून चालतो. वर्षातून चार दिवस सहलीला जातो, भरपूर फोटो काढतो. जरूर जावं. पण उरलेल्या ३६१ दिवसांचं काय? सवय वाईट नसते. तिच्यामुळंच तर पाय न विचारता घरी पोचतात. पण ती पायांपुरती राहत नाही, डोळ्यांना आणि कानांनाही लागते. मग केसभर सरकवायचा धागा आपण जागेवरच ठेवतो आणि तार बेसूर झाली म्हणतो.

एका संध्याकाळी मात्र मी रिकाम्या हातानं परतलो. दिवसभर कामाचा रगाडा होता. दारातूनच म्हणालो, "अम्मा, आज खरंच काही नाही."

ती म्हणाली, "आहे की. तुझी डावी चप्पल आज वेगळी वाजतेय. तळ सुटलाय बघ."

मी वाकून पाहिलं. डाव्या चपलेचा तळ टाचेपाशी खरंच सुटला होता. दिवसभर मी तीच घालून गावभर फिरलो होतो.

त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी वही उघडली. पहिली ओळ चपलेवरच सुचली. आणि ती ऐकायला अम्मा जागी होती.