परिचारिकेची विद्या
सन १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा करता करता देह ठेविला. तेच काम हलके मानून आपले लोक मुलींना त्यापासून दूर ठेवितात, याची आम्हांस लाज वाटते. दिल्ली व वेल्लोर येथे १९४६ सालीच या विद्येचा पदवीक्रम सुरू झाला. पदवीस चार वर्षे लागतात. तीन वर्षांची पदविका घेऊन नोकरीस लागलेल्या भगिनींनाही पुढे दोन वर्षांत पदवी घेता येते. मग रोग्याच्या उशाशी जागणारी तेवढी आपली मुलगी आणि तिला शिकविणारी नेहमी दुसऱ्याची, असे कां व्हावे? शेतकरी बांधवांनो, लग्नातील वाजंत्रीचा खर्च वाचवा व मुलीस पदवीपर्यंत शिकवा, एवढेच आमचे मागणे आहे.