मोतीबिंदू : पिकण्याची वाट कशासाठी?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी डॉक्टर नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. जळगावला गादीवर बसून रंग पारखण्यात माझे आयुष्य गेले. तरीही चार वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका जुन्या ग्राहकाला काळ्या कापडाऐवजी मी नेव्ही ब्लूचा तागा दिला. पांढरे पॉपलीन मला पिवळसर दिसे आणि मी माल देणाऱ्याला बोल लावी. दोष मालात नव्हता, माझ्या डोळ्यांत होता.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. वयोमानानुसार त्यातील प्रथिने गढूळ होतात व प्रकाश पडद्यापर्यंत नीट पोहोचत नाही. हाच मोतीबिंदू. दृष्टी धूसर होते, दिव्याभोवती वलये दिसतात, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो, रंग फिके पडतात. मधुमेह, तंबाखू, डोळ्याला झालेली इजा, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स आणि आपल्या खानदेशातील प्रखर ऊन यांनीही त्यास हातभार लागतो. सहसा वेदना होत नाहीत, म्हणूनच दुर्लक्ष होते.

असेच दुर्लक्ष आमच्या घरी माझ्या मातोश्रींच्या बाबतीत झाले. “पिकू द्या, मग पाहू,” असे म्हणत कधी लग्नसराई, तर कधी दिवाळीचा हंगाम पुढे करून आम्ही शस्त्रक्रिया लांबवली. एका रात्री डोळा लाल झाला, असह्य वेदना व उलट्या सुरू झाल्या. फुगलेल्या भिंगामुळे डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस निकामी झाली होती. त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. त्यात त्यांचा काही दोष नव्हता, दोष आम्हा मुलांचा होता.

पिकण्याची वाट पाहण्याला पूर्वी कारण होते. तेव्हा भिंग काढल्यावर जाड काचांचा चष्माच आधार असे. 1949 साली लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी प्रथम कृत्रिम भिंग डोळ्यात बसविले. वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या पारदर्शक छताचे प्लास्टिकचे तुकडे अपाय न करता राहतात, या निरीक्षणातून त्यांना ही कल्पना सुचली. 1967 मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग विरघळविण्याची पद्धत आणली. आज अवघ्या दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून शस्त्रक्रिया होते. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तात्याराव लहाने यांनी ही सेवा गोरगरिबांपर्यंत नेली. 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेह असल्यास पडद्याचीही तपासणी करावी. शस्त्रक्रियेनंतर डोळा चोळू नये, सांगितलेले थेंब नेमाने घालावेत आणि दुखणे वा लाली वाढल्यास विलंब करू नये.

माझ्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. घरी येताच पांढरे कापड पांढरे दिसले, तेव्हा आईची आठवण झाली. अखेरच्या वर्षांत तिला स्वाध्यायासाठी पोथी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येकाने आपल्या घरातील साठीपुढील वडीलधाऱ्यांचे डोळे एकदा तपासून घ्यावेत, एवढीच माझी नम्र विनंती आहे. हंगाम दरवर्षी येतो, गेलेली दृष्टी येत नाही.

जय जिनेंद्र!