प्रयोगाची फाइल खुली ठेवा

आज मी कानोत्यातून बोलतोय. जयपूरहून आग्रा रस्त्याला लागलं की हे गाव येतं. इथल्या अमरसिंहांनी १८९८ ते १९४२ अशी ४४ वर्षं डायरी लिहिली. पुढे रुडॉल्फ दांपत्याने मोहनसिंह कानोता यांच्यासोबत तिचा निवडक भाग छापला, तेव्हा कुठे ती सगळ्यांना वाचता आली. माझ्या विषयात, म्हणजे मानसशास्त्रात, आपण शिक्षक आपले प्रयोग असेच घरात ठेवतो.

स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग घ्या. ‘लाल’ हा शब्द निळ्या रंगात लिहिलेला असतो. शब्द वाचायचा नाही, रंग सांगायचा. माणूस अडखळतो, कारण वाचन आपोआप होतं. पूर्वी आम्ही हे कार्डं आणि स्टॉपवॉच घेऊन करायचो. आता सायकोपाय, जेएस-साइक अशी साधनं फुकट मिळतात. प्रयोग ब्राउझरमध्ये चालतो आणि उत्तराला लागलेला वेळ मिलिसेकंदांत नोंदला जातो.

मी एक तयार इंग्रजी प्रयोग वर्गात चालवला. मराठी माध्यमाच्या मुलांमध्ये परिणाम फिका दिसला. साहजिकच आहे, ज्या भाषेचा सराव जास्त, तिचे शब्द जास्त आडवे येतात. मूळ फाइल खुली होती, म्हणून मला शब्द मराठीत करता आले. मग माझी फाइलही मी खुली ठेवली.

काही महिन्यांनी एका अनोळखी शिक्षिकेचा निरोप आला. “सर, ‘हिरव्या’साठी तुम्ही चुकीची कळ बरोबर धरली आहे.” तपासलं, तर खरंच! दोन वर्गांचे निष्कर्ष बाद करावे लागले. लाज वाटली. पण फाइल माझ्याच लॅपटॉपमध्ये राहिली असती, तर निवृत्तीपर्यंत मी तीच चूक शिकवली असती.

ही एकट्या माझी गोष्ट नाही. मानसशास्त्रातली १०० संशोधनं पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल २०१५ साली आला. पुन्हा केलेल्यांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरणारा निकाल मिळाला.

म्हणून विनंती आहे, नुसती लिंक देऊ नका. फाइल, सूचना, शब्दांची यादी द्या आणि वापराची परवानगी स्पष्ट लिहा. मुलांची नावं मात्र आधी काढून टाका.

माझ्या फाइलमध्ये दुरुस्तीची तारीख आहे, खाली त्या बाईंचे आभार आहेत. उघडा, चालवून पाहा, चूक सापडली तर कळवा.