कर्जाच्या वर्षातले रविवार
(रेडिओवरील भाषण)



जानेवारीत माझ्या भाचीचा लंडनहून फोन आला. सप्टेंबरात एम.एस्सी. करायला गेलेली पोर. थंडी, जेवण, असाइनमेंट असं इकडचं तिकडचं बोलून झालं. मी सहज विचारलं, "नदीवर जातेस की नाही गं फिरायला?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, मी अजून थेम्स नीट पाहिलीच नाही. एकदा बसमधून पुलावरून गेले, पण तेव्हा रात्र होती."

तिचं कॉलेज नदीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

शनिवारी ती एका कॅफेत काम करते. विद्यार्थ्याच्या व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यातले आठ तास शनिवारी जातात. रविवारी कपडे धुवायचे, आठवड्याची आमटी-भाजी करून डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवायची, आईबाबांना व्हिडिओ कॉल करायचा आणि मग पांघरुणात शिरायचं. बाहेर का जात नाहीस, असं विचारल्यावर ती जे बोलली ते मला फार लागलं. म्हणाली, "बाबांनी घर तारण ठेवलंय. मी कुठल्या तोंडानं हिंडू?"

आज आपल्याकडून, सांगली-कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत, कितीतरी मुलंमुली अशीच कर्ज काढून तिकडे जातात. त्यांच्यासाठी आणि विशेषतः त्यांच्या आईवडिलांसाठी मी आज बोलते आहे. वीस वर्षांपूर्वी मीही त्या शहरात विद्यार्थिनी होते, मीही पहिले काही महिने खोलीत काढले. हिंडणं म्हणजे चैन, आणि कर्ज फिटेपर्यंत चैन करायची नाही, असं माझ्याही मनानं घेतलं होतं. ते चुकीचं होतं. ज्या शहरासाठी एवढे पैसे मोजले, त्यातल्या उत्तमोत्तम गोष्टी फुकट किंवा बसच्या भाड्यात बघता येतात, आणि त्या बघणं हा त्या शिक्षणाचाच भाग आहे.

मे महिन्यात मी तिच्याकडे आठ दिवस गेले होते. पहिल्याच रविवारी तिला म्हटलं, चल, गाडीभाड्यापलीकडे एक पैसा खर्च न करता तुला दोन घरं दाखवते. दोघी वॉरिक अॅव्हेन्यू स्टेशनवर उतरलो. तिथून पाचसात मिनिटांवर हौली प्लेस नावाचा अगदी शांत रस्ता आहे. त्यातलं १० क्रमांकाचं घर. भिंतीवर निळी गोल पाटी. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये या घरात राहत होते. चिरोल या पत्रकारावर त्यांनी बदनामीचा दावा लावला होता, त्यासाठी ते विलायतेला आले. खटला हरले, खर्चाचा मोठा बोजा पडला, तरी वर्षभर तिथे राहून स्वराज्याच्या मागणीसाठी सभा घेत राहिले. भाची पाटीसमोर उभी राहून म्हणाली, "हे शाळेत शिकलो होतो. पण ते इथे, या असल्या दारातून आत-बाहेर करत असतील, असं कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं."

तिथून खाली कालव्यावर उतरायचं. रीजंट्स कॅनॉल. १८२० मध्ये पुरा झाला. कोळसा, लाकूड, विटा वाहणाऱ्या होड्या तेव्हा घोडे ओढायचे. घोड्यांसाठी काठाने जी पायवाट केली, तीच आज चालणाऱ्यांना मोकळी आहे. मध्ये एका बोगद्यापाशी वाट तुटते, तेवढं रस्त्यावरून जाऊन पलीकडे पुन्हा खाली उतरावं लागतं. लांबट, अरुंद होड्यांमध्ये लोक राहतात. टपावर तुळशीवृंदावनाएवढ्या कुंड्या, सायकली, सरपणाच्या पिशव्या. कुणी घाईत नसतं.

रीजंट्स पार्कच्या कडेला मॅकल्सफील्ड पूल लागतो. तिथे मी तिला थांबवलं. २ ऑक्टोबर १८७४ ला पहाटे दारूगोळा भरलेली एक होडी नेमकी या पुलाखाली असताना उडाली. होडीवरचे तिघे गेले, पूल कोसळला. पण त्याचे ओतीव लोखंडाचे खांब शाबूत राहिले. पूल पुन्हा बांधताना तेच खांब वापरले, फक्त फिरवून उभे केले. घोड्यांचे दोर वर्षानुवर्षं घासून खांबांवर खोल खाचा पडलेल्या आहेत. जुन्या आडाच्या काठावर रहाटाच्या दोरानं पडतात ना, तशाच. खांब फिरवल्यामुळे जुन्या खाचा एका बाजूला आणि नंतरच्या दोरांच्या दुसऱ्या बाजूला. भाचीने खाचेत बोट घातलं. बोट जवळजवळ अर्धं आत गेलं. ती बराच वेळ तशीच उभी होती. तिचा विषय मटेरियल्स सायन्स आहे. लोखंड कसं झिजतं हे ती वर्गात शिकते.

पुढे प्राणिसंग्रहालयाच्या कडेनं जाऊन कालवा सोडायचा आणि प्रिमरोझ हिल चढायची. टेकडी म्हणजे आपल्या पर्वतीपेक्षाही सोपी चढण. वर गवतावर बसलं की सगळं शहर समोर, सेंट पॉलचा घुमट, त्याच्यामागे काचेच्या इमारती. आम्ही तिथे बसून घरून नेलेले पराठे आणि लोणचं खाल्लं. उंचावरून लंडन बघायला भारी तिकिटं काढतात, ती काढण्याआधी या टेकडीवर एकदा यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

टेकडी उतरली की किंग हेन्रीज रोड, आणि पुन्हा १० क्रमांकाचंच घर. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. आत जायला पैसे पडत नाहीत, फक्त वेळ आधी बघून जावं.

या घरात मला भाचीला एक गोष्ट सांगायची होती. बाबासाहेब पहिल्यांदा लंडनला आले १९१६ मध्ये, पण बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा सोडून परत जावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या मित्राकडून त्यांनी कर्ज घेतलं. आणि १९२० मध्ये ते पुन्हा आले. म्हणजे या घरात राहणारा विद्यार्थीही कर्ज काढूनच आलेला होता. तो दिवसच्या दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचा. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या त्यांच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली.

भाची काही बोलली नाही. स्टेशनकडे जाताना तिने विचारलं, "मावशी, ते वाचनालय अजून आहे?"

ग्रंथालय आता सेंट पँक्रसला गेलं आहे, पण वाचनालयाचा गोल दिवाणखाना म्युझियमच्या मधल्या चौकात, काचेच्या छपराखाली आजही उभा आहे. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलं, तेही विनामूल्य. डिसेंबर २००१ पासून तर इंग्लंडमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमचे विभाग सगळ्यांना फुकट आहेत. दारात देणगीची पेटी असते. आपली मुलं तिच्यासमोरून जाताना संकोचतात, हे मी पाहिलंय. संकोचू नये. विद्यार्थी असताना नाही टाकलं तरी चालतं, पुढे कमावायला लागल्यावर टाकावं.

एक मात्र सांगते. संग्रहालय 'करून टाकायला' जाऊ नये. एका रविवारी एकच दालन घ्यावं. अमरावतीच्या स्तूपावरची संगमरवरासारखी दिसणारी चुनखडीची शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यांच्यापुढे तासभर उभं राहावं. केन्सिंग्टनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आलेली वाघनखं तिथलीच. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारासच अंधारायला लागतं, पाऊस लागतो, तेव्हा ही उबदार दालनं फार मोठा आधार असतात. खोलीत हीटर लावायला काचकूच करणाऱ्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

आता नदी. थेम्सची गंमत पुलावरून कळत नाही. ही नदी समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर चालते. मध्य लंडनमध्ये पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि हा फरक सात मीटरपर्यंत जातो. दुमजली घराएवढा. ओहोटीला टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या परिसरात काठावरच्या पायऱ्या उतरून खाली गेलं की नदीचा तळच उघडा पडलेला असतो. गोटे, शिंपले, जुन्या विटांचे तुकडे, खाटकांनी टाकलेली हाडं आणि मधूनमधून मातीच्या पांढऱ्या नळ्या. शाळेतल्या खडूएवढ्या जाड, मधून आरपार भोक. या तंबाखू ओढायच्या चिलमी. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी लोक ओढून झाल्या की नदीत भिरकावून द्यायचे. वाकून पाहायचं, पण उचलायचं नाही. तिथून काही शोधायला किंवा उचलायला बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. आणि भरतीची वेळ बघितल्याशिवाय खाली उतरायचं नाही. पाणी चढू लागलं की फार लवकर चढतं.

त्याच काठाने पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, जितकं चालवेल तितकं चालावं. वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांची टेबलं मांडलेली असतात. शेजारी रॉयल फेस्टिव्हल हॉल. त्याच्या मोकळ्या दालनांत काहीही विकत न घेता बसता येतं, मुलं लॅपटॉप उघडून अभ्यास करत असतात. वरच्या मजल्यावर केवळ कवितांचं एक वाचनालय आहे, तेही फुकट. एवढी साधी सोय आपल्या शहरांतल्या नाट्यगृहांनी का करू नये, असं मला दर वेळी वाटतं.

ग्रिनिचला गेलात तर नदीखालून पायी जाता येतं. १९०२ मध्ये गोदी कामगारांसाठी बांधलेला बोगदा, सुमारे ३७० मीटर लांब, पांढऱ्या फरशांनी मढवलेला. गोल जिना उतरायचा, आपल्या पावलांचा आवाज ऐकत जायचं, पलीकडच्या काठावर निघायचं.

पैशांचं म्हणाल तर २०२५ मध्ये बसचं एक भाडं १.७५ पौंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी एकच भाडं पडतं. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर अर्धं शहर बघून होतं. उन्हाळ्यात रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या मैफिलींची उभं राहून ऐकायची तिकिटं त्याच दिवशी स्वस्तात मिळतात. मी अशा उभ्यानं ऐकलेल्या मैफिली अजून विसरलेले नाही. ज्यांना सकाळी पळायचं आहे त्यांच्यासाठी शनिवारी नऊ वाजता बागाबागांतून पाच किलोमीटरची पार्करन असते. २००४ मध्ये बुशी पार्कमध्ये तेरा धावणाऱ्यांनिशी ती सुरू झाली. नाव एकदा नोंदवायचं, पैसे नाहीत. तिथे माणसं भेटतात, हे महत्त्वाचं. आणि गणपतीत अगदीच घर आठवलं तर १९३२ पासून चालू असलेलं महाराष्ट्र मंडळ आहेच.

आईवडिलांना माझी एक विनंती आहे. रविवारच्या कॉलवर "अभ्यास झाला का, जेवलीस का" हे विचारताच. त्याला जोडून "आज कुठे चालून आलीस?" हेही विचारा. आपण विचारलं की मुलांना बाहेर पडायची मोकळीक मिळते. माझ्या मेहुण्यांना मी हे सांगितलं. आता ते सांगलीत बसून लंडनच्या भरतीचं वेळापत्रक फोनवर बघतात.

परवा शनिवारी रात्री भाचीचा निरोप आला. "मावशी, उद्या सकाळी दहा चाळीसला ओहोटी. वर्गातल्या दोघी तेलुगू मैत्रिणींना घेऊन जाते आहे, त्यांनीही अजून नदी पाहिली नाही. पायऱ्या निसरड्या असतात, जुने बूट घालायला सांगितलेत."