क्लोरोफॉर्मचा रुमाल

रहस्यकथांचा ज्यांना षौक आहे, त्यांना तो रुमाल चांगला परिचयाचा असेल. अंधाऱ्या जिन्यावर मागून एक हात येतो, नाकावर रुमाल दाबला जातो, गोडसर दर्प दरवळतो आणि पुढच्याच ओळीत नायक निश्चेष्ट पडतो!

मी शाळेत मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी बाकाखाली अशी कादंबरी वाचणाऱ्या एका मुलाची मी वर्गापुढे थट्टा केली : "अरे, असा क्षणात कोणी बेशुद्ध पडतो काय?" मुलगा उभा राहिला आणि सरळपणे म्हणाला, "मग किती वेळ लागतो, सर?" मी निरुत्तर झालो. थट्टेपुरते मला ठाऊक होते, शिकविण्यापुरते नव्हते.

उत्तर शोधताना मी माझ्याच गावाच्या इतिहासाशी येऊन ठेपलो. एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी १८४७ साली क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. पुढे काही रोगी त्याच्या अमलाखाली दगावू लागले. आधी हृदय थांबते की श्वास, यावर वैद्यांत वाद माजला. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी श्वासाच्या पक्षाचे होते. सहाव्या निजामांच्या, मीर महबूब अली खान यांच्या, कारकीर्दीत १८८८ साली येथे आयोग बसला. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्राचे त्याने समाधान होईना. तेव्हा निजामांनी एक हजार पौंड देऊ केले आणि १८८९ साली 'लॅन्सेट'च्या वतीने डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. कुत्री, माकडे अशा शेकडो मुक्या जिवांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला : श्वास आधी थांबतो. परंतु १९११ साली लेव्ही या संशोधकाने दाखवून दिले की, क्लोरोफॉर्म अर्धवट चढलेले असतानाच हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

आता आपल्या रुमालाकडे वळू. क्लोरोफॉर्मने माणूस क्षणात पडत नाही; काही मिनिटे जातात. तेवढ्या वेळात तो धडपडतो, बरळतो, ओरडतो. भूल देण्याच्या शास्त्रात निष्णात असलेल्या जॉन स्नो यांनी १८५१ सालीच, क्लोरोफॉर्म हुंगवून वाटमारी केल्याच्या कथांवर हीच हरकत घेतली होती.

मग शास्त्राने वाचकाचा आनंद हिरावून घ्यावा काय? मुळीच नाही. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड हाती घेणारा वाचक रसायनशास्त्र शिकायला बसत नाही. कल्पिताशी त्याचे वैर नसते. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या कादंबरीतील अदृश्य मनुष्य पाहा. ज्याच्या डोळ्यांतून प्रकाश आरपार जातो, तो खरे तर आंधळाच असावयाचा! तरीही आपण ती थाप आनंदाने पचवतो; कारण लेखक पुढे तिची किंमत चुकवतो. अदृश्य राहायचे म्हणून त्या माणसाला थंडीत उघडे फिरावे लागते आणि पोटातले न पचलेले अन्न त्याला उघडे पाडते. वेल्सची थाप पात्राला संकटात टाकते; रुमालाची थाप लेखकाला संकटातून सोडवते. वाचकाला खटकते ती ही दुसरी.

आणि खरा रुमाल किती अधिक थरारक आहे! मिनिटे सरत नाहीत, जिन्यावर कोणाची तरी पावले वाजतात, आणि खंडणीसाठी जिवंत हवा असलेला माणूस हातातच गतप्राण तर होणार नाही ना, या भीतीने खलपुरुषालाच घाम फुटतो. ज्याला शास्त्र अडचण समजून टाळले, तेच कथेचा प्राण ठरू शकते.

त्या मुलाचे पुस्तक मी दुसऱ्याच दिवशी परत केले. उत्तर हाती येईपर्यंत मात्र तो शाळा सोडून गेला होता. आज तो कोठे ऐकत असेल तर त्याला एवढेच सांगतो : बाळ, काही मिनिटे लागतात, आणि प्रश्न तुझाच बरोबर होता.