सोबत कोण आहे?

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



दोन दिवस तुम्ही संविधान, शिक्षण, कौटुंबिक कायदे यावर बरंच ऐकलंत. शेवटच्या सत्रात जरा मोकळं काही असावं म्हणून आयोजकांनी मला प्रवासावर बोलायला सांगितलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मूळची सोलापूरची, घरात दखनी, शाळेत मराठी, नोकरी पुण्यात. प्रवासवर्णन लिहिण्याचा मला सराव नाही. म्हणून फक्त चार दिवसांबद्दल बोलते. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेले. काम सोमवारी सुरू होणार होतं आणि मी गुरुवारी पोहोचले. मधले दिवस माझे होते आणि त्या शहरात माझ्या ओळखीचं कुणीही नव्हतं.

निघण्याआधी महिनाभर एकच प्रश्न कानावर येत होता. फुफू म्हणाली, "अकेली जारी क्या? सोबत कोण आहे?" शेजारच्या काकूंनी विचारलं, अब्बांच्या मित्रांनी विचारलं. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. पण हा प्रश्न माझ्या भावाला कुणी विचारला नव्हता. तो आखातात नोकरीला गेला तेव्हा लोकांनी फक्त पगार विचारला. आजचं माझं बोलणं या प्रश्नाभोवती आहे. बाई एकटी फिरू शकते का, हे तिच्या धाडसावर किती अवलंबून असतं आणि शहर कसं बांधलंय, कसं चालवलंय यावर किती?

आधी जेट लॅगबद्दल सांगते, कारण त्याच्यामुळेच मला ते शहर भलत्या वेळी बघायला मिळालं. आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. ते शरीराचं मुख्य घड्याळ. झोप, भूक, अंगाचं तापमान सगळं त्याच्या तालावर चालतं आणि ते जुळवून घेतं मुख्यतः उजेडावरून. विमान सोळा तासांत तुम्हाला अर्ध्या पृथ्वीपलीकडे नेतं, पण हे घड्याळ दिवसाला साधारण तास-दीड तासच सरकतं. सप्टेंबरमध्ये भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. म्हणजे तिथे पहाटेचे तीन वाजले की माझ्या शरीराच्या हिशेबाने दुपारचे साडेबारा, जेवणाची वेळ. आणि तिथे दुपारी चार वाजता, भर उन्हात, माझ्या शरीराची रात्रीची दीड वाजलेली. शरीराचं हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, हे फळमाश्यांवर प्रयोग करून ज्यांनी उलगडलं, त्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्यांतले मायकेल यंग न्यूयॉर्कच्याच रॉकफेलर विद्यापीठातले. माझं हॉटेल क्वीन्समध्ये, लाँग आयलंड सिटीत होतं आणि ते विद्यापीठ ईस्ट रिव्हरच्या पलीकडच्या काठावर. पहाटे तीन वाजता टक्क जागी असताना मला त्याची गंमत वाटली.

पहिल्या दिवशी पाच वाजेपर्यंत खोलीत थांबले, नमाज पढले आणि बाहेर पडले. अंधार होता. अंधारात अनोळखी रस्त्यावर एकटी, असं सोलापुरातही मी कधी चालले नव्हते.

पहाटे पाचला कोण भेटतं? पर्यटक नाही भेटत. रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्स, ऑफिसं झाडून परत जाणाऱ्या बायका, पाव घेऊन जाणाऱ्या गाड्या. आणि खाण्याचे ठेले. मॅनहॅटनच्या कोपऱ्याकोपऱ्यावर जे कॉफीचे आणि 'हलाल' लिहिलेले ठेले दिसतात, ते रात्री रस्त्यावर ठेवता येत नाहीत. ठरलेल्या गॅरेजमध्ये न्यावे लागतात, तिथे धुवावे लागतात. पहाटे ते ओढून आणताना दिसतात. त्यांवर काम करणारे बरेच जण बांगलादेशी, इजिप्शियन, अफगाण. न्यूयॉर्कने १९८३ साली या ठेल्यांच्या परवान्यांवर सुमारे तीन हजारांची मर्यादा घातली. मागणी त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे परवाना एकाच्या नावावर आणि ठेल्यावर राबणारा दुसरा, तो काळ्या बाजारात भाडं भरणारा, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालली. विक्रेत्यांच्या संघटना लढल्या आणि २०२१ मध्ये परवाने टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा कायदा झाला. आपल्याकडे पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे, त्याचं काय झालं हे तुमच्या गावच्या हातगाडीवाल्याला विचारा. मला सांगायचंय ते वेगळं. त्या पहाटे मला सुरक्षित वाटलं ते पोलिसांमुळे नव्हे. कोपऱ्यावर दिवा लावून, कॉफी उकळत उभ्या असलेल्या या माणसांमुळे वाटलं. ज्या रस्त्यावर ठेला आहे, तो रस्ता निर्मनुष्य नसतो.

दुसरी गोष्ट रेल्वेची. न्यूयॉर्कची सबवे १९०४ पासून चालू आहे, स्थानकं ४७२, आणि ती चोवीस तास चालते. माझ्या हॉटेलजवळून ७ नंबरची गाडी जायची, पुलावरून, घरांच्या खिडक्यांजवळून. गाडीत बसण्याआधी मी एक गोष्ट वाचून ठेवली होती. गाडीचा कंडक्टर मधल्या डब्यात असतो. फलाटाच्या मध्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक फलक टांगलेला असतो, गाडी थांबली की कंडक्टर त्या फलकाकडे बोट दाखवतो. गाडी बरोबर जागी थांबली आहे याची ती खूण. म्हणून मी प्रत्येक वेळी त्या फलकाखाली उभी राहायचे. समोर नेमका कंडक्टरचा डबा यायचा. मोबाइल भरलेला, हॉटेलचा पत्ता कागदावर, बहिणीकडे माझं लोकेशन. एवढी तयारी होती. धाडस म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

पत्ते शोधायलाही सोपे. १८११ च्या आराखड्याने मॅनहॅटनचा बराचसा भाग चौकटीत आखला. रस्त्यांना नावांऐवजी आकडे. इंजिनिअरला आलेखाचा कागद दिल्यासारखं. कुणाला रस्ता विचारावा लागत नाही, आणि रस्ता न विचारता फिरता येणं ही बाईसाठी किती मोठी सोय आहे ते इथल्या मुलींना सांगायला नको.

हे सगळं गोड चित्र नाही. पहाटेच्या त्याच गाडीत बाकांवर बेघर माणसं झोपलेली होती. जगातल्या इतक्या श्रीमंत शहरात त्यांना अंथरुणाला जागा रेल्वेची. या शहरात निवारा मागण्याचा हक्क १९८१ मध्ये न्यायालयातल्या एका तडजोडीतून मान्य झाला. तरीही माणसं गाडीत झोपतात. हक्क कागदावर येणं हा अर्धाच रस्ता असतो, हे आपल्याला माहीत आहेच.

शनिवारी ब्रायंट पार्कमधून बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या मोठ्या ग्रंथालयात गेले. तुम्ही हसाल, पण त्या बागेतलं सार्वजनिक स्वच्छतागृह मी आधी बघितलं. आत ताजी फुलं ठेवलेली असतात. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक स्वच्छतागृहं एरवी फारच कमी आहेत, त्यामुळे मी दिवसाचा रस्ताच बागा आणि ग्रंथालयं जोडत आखला होता. दिवसभर बाहेर राहणारी कुठलीही बाई हा हिशेब करते, पुण्यातही आणि न्यूयॉर्कमध्येही.

ते ग्रंथालय १९११ साली सुरू झालं. दारात दगडी सिंह, वर जवळजवळ तीनशे फूट लांबीचं वाचनालय, लाकडी टेबलं, पितळी दिवे. बसून वाचायला सभासद असावं लागत नाही. दारावर पिशवी तपासतात, एवढंच. कोण, कुठली, कशाला आलीस, कुणी विचारलं नाही. माझ्या एका बाजूला शाळकरी मुलगी गणितं सोडवत होती, दुसऱ्या बाजूला एक आजोबा नोकरीचा अर्ज भरत होते. शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी २०२१ मध्ये उशिराचा दंड रद्द केला. कारण दंडाच्या भीतीने ग्रंथालय सोडतात ती गरिबांची मुलं. मी तिथे दोन तास बसले आणि फारसं वाचलं नाही. बसायला मिळतंय, हेच बघत होते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईवरचं पुस्तक २०११ मध्ये आलं. बाईला सार्वजनिक जागेत असण्यासाठी काही काम दाखवावं लागू नये, असं त्याचं म्हणणं आहे. ते मी कॉलेजनंतर वाचलं होतं. पटलंही होतं. पण अंगाने ते कळलं त्या टेबलाशी.

दुपारी झोपेने डोळे मिटायला लागले. पश्चिमेला गेल्यावर दुपारी खोलीत झोपायचं नाही, उन्हात राहायचं, म्हणजे घड्याळ लवकर सरकतं. म्हणून ७ नंबरने जॅक्सन हाइट्सला गेले. तिथे उतरल्यावर वाटतं आपण ढाक्यात आहोत की काठमांडूत की हैदराबादेत. क्वीन्समधली जवळपास निम्मी माणसं अमेरिकेबाहेर जन्मलेली आहेत. डायव्हर्सिटी प्लाझा नावाचा छोटा चौक आहे, वाहनांना बंद, बसायला जागा. शेजारी मोमो, झालमुडी, पाणीपुरी. झालमुडीवाल्या चाचांनी विचारलं, "आपा, इंडिया में कहाँ?" मी म्हटलं, सोलापूर. त्यांना ठाऊक नव्हतं. पण कागदाच्या पुडीत मूठभर मुडी जास्त आली. त्यांनीही सोबत कोण आहे हे विचारलं नाही.

याच शहरात हा प्रश्न मात्र सरकारने विचारला होता, आणि तो नेमका आपल्यासारख्यांना. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांचं एक पथक मशिदी, मुस्लिम विद्यार्थ्यांच्या संघटना, दक्षिण आशियाई आणि अरब लोकांची हॉटेलं, पुस्तकांची दुकानं यांवर पाळत ठेवत होतं. कोण कुणाबरोबर बसतो, काय बोलतो, याच्या नोंदी. गुन्ह्याचा संशय असण्याची गरज नव्हती, नाव आणि धर्म पुरेसा होता. २०११ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने हे बाहेर आणलं. या पथकाच्या कामातून दहशतवादाच्या तपासाचा एकही धागा मिळाला नाही, असं २०१२ मध्ये पोलीस अधिकाऱ्यानेच साक्षीत सांगितलं. नागरिक न्यायालयात गेले, त्यांच्या बाजूने इतर धर्मांचे लोक आणि नागरी हक्कांच्या संस्था उभ्या राहिल्या. २०१४ मध्ये पथक बंद झालं. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, शहराच्या सरकारी शाळांना दोन्ही ईदची सुट्टी जाहीर झाली. हेही वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर. म्हणजे मी त्या चौकात निवांत मुडी खात बसले होते, तो निवांतपणा कुणीतरी भांडून मिळवलेला होता.

रविवारी कोलंबिया विद्यापीठात गेले. महाराष्ट्रातून गेलेलं माणूस तिथे गेल्याशिवाय कसं परत येईल? १९१३ मध्ये बाबासाहेब तिथे पोहोचले तेव्हा बावीस वर्षांचे होते. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथल्या परिसंवादात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. पायऱ्यांवर बसून मी विचार करत होते, बंदरावर उतरल्यानंतरचे त्यांचे पहिले दिवस कसे गेले असतील. त्यांच्याही सोबत कुणी नव्हतं. पण मागे शिष्यवृत्ती होती आणि पुढे ग्रंथालयाचं उघडं दार होतं. दोन्ही असतील तर एकटं माणूस एकटं पडत नाही. माझ्यामागे काय होतं? कंपनीचं तिकीट, बँकेचं कार्ड, आणि अम्मी, जिने मला अकरावीपासून सायकल दिली आणि कोण काय म्हणतंय ते स्वतः ऐकून घेतलं. हे नसलेल्या मुलीला मी "निघ, घाबरू नकोस" असं सांगणार नाही. ते सांगणं सोपं आहे आणि खोटं आहे.

म्हणून या शिबिराकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, तुमच्या मोहल्ल्यात रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका हवी, तिथे मुलींना बसायला जागा आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह हवं. नगरसेवकाकडे शादीखान्याच्या निधीबरोबर याचाही निधी मागा. दुसरी, शेवटची बस किती वाजता सुटते, थांब्यावर दिवा आहे का, याची यादी करा आणि महापालिकेला द्या. बाई रात्री घरी कशी येणार हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे, तो तिच्या चारित्र्याचा करू नका. तिसरी मागणी मुलांसाठी आहे. बहिणीने बाहेर जाते म्हटलं की "सोबत कोण आहे" हे विचारण्याआधी "मोबाइल चार्ज आहे का, पैसे आहेत का" हे विचारा. काळजी त्यातही आहे, आणि दार उघडं राहतं.

आणि ज्या मुलींना खरंच लांब जायची संधी मिळेल, त्यांनी पहिले तीन दिवस दुपारी झोपू नये.

आता तुमचे प्रश्न घेऊ.