डोस वाढवू नका, औषधाचा गट बदला



फवारूनही कीड मरत नाही, तेव्हा दुकानदार म्हणतो, ‘डोस वाढवा.’ उधारी वाढते, कीड तशीच. का?

किडीच्या नसांना शांत करणारी कुलपं असतात. एंडोसल्फान (देशात २०११ पासून बंदी) हे कुलूप अडवायचं. नसा शांत होईनात, कीड तडफडून मरायची. १९९३ साली रिचर्ड फ्रेंच-कॉन्स्टंट आणि सहकाऱ्यांनी सडक्या फळांवरच्या बारीक माशीत दाखवलं : या कुलपाच्या जनुकातलं एकच अक्षर बदललं, की तसलं विष लागू पडत नाही. पुढं कपाशीच्या पांढऱ्या माशीतही असाच बदल सापडला.

जगल्या वाचल्या किडीची पिलावळही तशीच निपजते. म्हणून बाटलीवरचं नाव नवं आणि विष जुन्याच गटातलं, तर पैसा मातीत. आधी घटक वाचा, गट विचारा. मगच पंप पाठीवर घ्या.